परक्या नगरीतील पहिले आठ दिवस



लग्नसराई सरली, मांडवाचे बांबू सुटले, आणि दरवर्षीप्रमाणे दापोऱ्यातून व आसपासच्या गावांतून नवी जोडपी बाहेर पडू लागली आहेत. कुणी सुरतेस, कुणी पुण्याच्या बाजूस, तर कुणी थेट समुद्रापलीकडे आखातात. मुलीबरोबर काय बांधून द्यावे याचा घरोघरी मोठा खल होतो. पापड, कुरडया, काळा मसाला, लोणच्याची बरणी. विमानाने जाणार असतील तर पेटी दोनदा तराजूवर चढते. परंतु तेथे उतरल्यावर पहिले आठ दिवस त्या दोघांनी काय करावे, याविषयी कुणी चकार शब्द काढीत नाही. मुलगा कामावर जाईल, सून घर सांभाळील, एवढे गृहीत धरून आपण त्यांना निरोप देतो आणि परत फिरतो.

माझे मत आरंभीच सांगून टाकतो. त्या आठ दिवसांत ते शहर एक तर दोघांचे होते, नाही तर एकट्या नवऱ्याचे होते. एकदा का ते एकट्याचे झाले, की दुसऱ्याच्या वाट्यास चार भिंती तेवढ्या उरतात आणि पुढे वर्षे लोटली तरी त्या हलत नाहीत. हे मत केवळ माझ्या कल्पनेतले नव्हे. आपल्याच मुलुखातील दोन जोडप्यांच्या हकिकती त्याच्या पाठीशी आहेत. दोन्ही हकिकती एकाच शहरातल्या आणि पाच-सहा वर्षांच्या अंतराने घडलेल्या.

ते शहर म्हणजे कलकत्ता. आज कलकत्ता आपल्याला परदेश वाटत नाही. पण सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी मराठी माणसाला ते परदेशाहून फारसे निराळे नव्हते. भाषा वेगळी, लिपी वेगळी, अन्न वेगळे, आणि वर ती सबंध हिंदुस्थानची राजधानी; राजधानीचा तो मान १९११ पर्यंत तिच्याकडे होता. मुंबईहून तेथे जाण्याचा लोहमार्ग १८७० साली जबलपुराजवळ जोडला गेला आणि सलग झाला. भुसावळ, बऱ्हाणपूर, खंडवा असा तो आपल्या उंबरठ्यावरूनच जातो. नागपूरकडून कलकत्त्याला जाणारा दुसरा रस्ता १८९१ साली खुला झाला. तोवर मुंबईकडचा माणूस कलकत्त्याला निघाला, की लालबागच्या आपल्या स्टेशनावरूनच त्याची गाडी पुढे जाई. आपल्या आजोबा-पणजोबांनी शेतात उभे राहून अशी किती परगावची जोडपी खिडकीतून पाहिली असतील!

पहिले जोडपे गोपाळराव जोशी व त्यांची पत्नी आनंदीबाई यांचे. गोपाळराव टपालखात्यात नोकरीस होते. कल्याण, अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज अशा बदल्या होत होत १८८१ साली ते कलकत्त्यास आले. आनंदीबाई तेव्हा अवघ्या सोळा वर्षांच्या होत्या. नवव्या वर्षी लग्न झालेले, एक मूल जन्मून दहाव्या दिवशी गेलेले, आणि त्या दुःखातूनच वैद्यक शिकण्याचा निश्चय मनाने घेतलेला. पुढे त्या डॉक्टर झालेल्या पहिल्या भारतीय स्त्रियांत गणल्या गेल्या, हे आपल्या मुलांच्या पाठ्यपुस्तकांतही असते. पण कलकत्त्यातील त्यांच्या फिरण्याविषयी फारसे कुणी सांगत नाही.

संध्याकाळी हे दोघे फिरावयास निघत. नवऱ्याबरोबर भररस्त्याने चालत जाणारी तरुण स्त्री हे दृश्य त्या काळी आपल्याकडेही पचण्यासारखे नव्हतेच. मुंबईत शाळेला जाताना लोकांनी आनंदीबाईंवर खडे मारले होते. परंतु बंगालची गोष्ट आणखी कठीण होती. तेथील प्रतिष्ठित घरांतील स्त्रिया पडद्यात राहत. तोंड उघडे टाकून, मराठी पद्धतीचे लुगडे नेसून, पुरुषाच्या बरोबरीने चालणारी ही मुलगी कोण, हे कुणाला उलगडेना. लोक थांबून पाहत. काही जण सरळ विचारीत: तू कोण? जात कोणती? आलीस कोठून? चाललीस कोठे?

पुढे गोपाळरावांची बदली कलकत्त्याजवळच्या श्रीरामपुरास झाली, आणि अमेरिकेस जाण्यापूर्वी २४ फेब्रुवारी १८८३ रोजी तेथील कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाईंनी जाहीर भाषण केले. त्या भाषणात त्यांनी हे प्रश्न एकेक करून मांडले आणि परक्या माणसाने परक्या माणसाला असे विचारू नये, असे आपले स्पष्ट मत दिले. त्याच भाषणातील आणखी एक गोष्ट मला येथे लिहिलीच पाहिजे, कारण ती आपल्याला उद्देशून आहे. श्रीरामपुरातील काही एतद्देशीय ख्रिस्ती लोकही संशय घेण्यात मागे नव्हते, असे त्या म्हणाल्या. ही बाई लग्नाची आहे की विधवा, चालीची बरी आहे की वाईट, जातीबाहेर टाकलेली तर नाही ना, याची त्यांची चौकशी संपत नव्हती. ते आपल्या पंथाचे नव्हते, असे म्हणून ही गोष्ट झटकून टाकता येईल. मला ती झटकावीशी वाटत नाही. दाराशी आलेल्या परक्याला जागा देणे हे ज्यांच्या शुभवर्तमानात लिहिलेले आहे, त्यांनीच खिडकीआडून कुजबुज केली, एवढे त्यात खरे आहे.

गोपाळरावांची स्तुती करण्याचा माझा हेतू नाही. माणूस हेकट होता, तापट होता. कोवळ्या वयातल्या बायकोवर त्याने लाकडाचे तुकडे उगारले, पुस्तके व खुर्च्या फेकल्या. हे आनंदीबाईंनीच पुढे त्याला लिहिलेल्या पत्रातून कळते. बायकोला शिकविणे आणि बायकोला मारणे एकाच हाताने चालले होते, याचे समर्थन कोणत्याही घरात होऊ नये. तथापि कलकत्त्याच्या बाबतीत एक नोंद त्याच्या खात्यावर जमा करावी लागते: लोक हसतात म्हणून तो तिला घरी ठेवून एकटा फिरावयास गेला नाही. रस्ता दोघांना सारखाच परका होता, आणि टोमणे ऐकत का होईना, तो दोघांनी मिळून पायाखाली घातला. ७ एप्रिल १८८३ रोजी ती मुलगी त्याच कलकत्त्याच्या बंदरातून नवऱ्यावाचून अमेरिकेस निघाली आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरली. तेव्हा तिला कोणत्याही नगरीची गर्दी नवी राहिली नव्हती.

दुसरे जोडपे सर्वांच्या परिचयाचे आहे, महादेव गोविंद रानडे आणि रमाबाई. १८८६ साली सरकारने खर्चाच्या तपासणीसाठी एक समिती नेमली आणि मुंबई इलाख्याकडून रानड्यांना तीत घेतले. ते हायकोर्टाचे न्यायमूर्ती व्हायला अजून सात वर्षे अवकाश होता. समितीच्या कामासाठी सिमला, कलकत्ता असे मोठमोठे मुक्काम पडू लागले, आणि रमाबाई बरोबर होत्या. त्यांनी आपल्या आठवणी १९१० साली पुस्तकरूपाने छापल्या, म्हणून कलकत्त्यातील हा प्रसंग आज आपल्यापर्यंत पोहोचला आहे.

झाले असे. त्यांच्या बिऱ्हाडी एक वर्तमानपत्र विकणारा बंगाली पत्र घेऊन आला. रमाबाईंनी त्याला सरळ सांगून टाकले, की आम्हाला बंगाली येत नाही, तुझे पत्र नको. आपणही हेच सांगितले असते. त्यात चूक काय? परंतु रानड्यांना ते रुचले नाही. ज्या गावात येऊन राहिलो, तेथील भाषा येत नाही हे इतक्या सहजपणे सांगावे, याचीच त्यांना लाज वाटली, आणि त्यांनी पत्र सुरू करविले. एवढ्यावर थांबले असते तर तो नवऱ्याचा उपदेश झाला असता, आणि असल्या उपदेशाने घरात काय होते हे विवाहित वाचकांना मी सांगण्याची गरज नाही. परंतु ते स्वतः बंगाली शिकण्याची पुस्तके घेऊन आले आणि मुळाक्षरांपासून शिकू लागले.

मग एके दिवशी ते दाढीला बसले असता खोलीतून बोलणे ऐकू येऊ लागले. रमाबाईंनी डोकावून पाहिले, तो काय? एका हाती पुस्तक, समोर न्हावी. वाचता वाचता एखादा शब्द अडला, की सरकारच्या समितीचा हा सभासद न्हाव्याला उच्चार विचारीत होता, अर्थ विचारीत होता, आणि न्हावी वस्तऱ्याचे काम सांभाळून उत्तर देत होता! रमाबाईंना हसू आवरेना. या गुरूवरून त्यांनी नवऱ्याची भरपूर थट्टा केली. थट्टा झाली, पण अभ्यासही झाला. नवरा शिकत होता आणि शिकलेले बायकोला देत होता. कलकत्त्याचा मुक्काम हलण्याच्या आत रमाबाई बंगाली वर्तमानपत्र वाचू लागल्या होत्या.

या प्रसंगात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो न्हावी. रानडे विद्वान होते. बंगाली शिकवावयास त्यांना कलकत्त्यात एखादा शास्त्री सहज मिळाला असता. पण परक्या शहराचे दार विद्वानांच्या घरातून उघडत नाही. ते न्हाव्याकडे, भाजीवाल्याकडे, पाणी आणणाऱ्याकडे, शेजारच्या खोलीतल्या बाईकडे असते. ज्याला तेथील रोजचे बोलणे येते आणि विचारले तर जो हसत सांगतो, तो पहिला शिक्षक. दुसरे असे, की रमाबाईंना लग्नानंतर लगेच रानड्यांनीच अक्षरओळख करून दिली होती, आणि त्यापायी घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा पुष्कळ रोष त्यांनी सोसला होता. बारा-तेरा वर्षे नवरा गुरू आणि बायको शिष्या असे चालले होते. कलकत्त्यात प्रथमच दोघे एका इयत्तेत बसले. अनोळखी शहराची हीच गंमत आहे. तेथे दोघेही अडाणी असतात, आणि बरोबरीने अडाणी असण्याची अशी संधी संसारात पुन्हा क्वचित येते.

आता आजच्याकडे येऊ. काही महिन्यांपूर्वी इकडच्याच एका लेकीचे दुबईहून पत्र आले. पत्र दीर्घ होते. त्यातील एकच गोष्ट सांगतो. उतरून बावीस दिवस झाले होते आणि तेवढ्या अवधीत ती तीनदाच खाली उतरली होती. नवरा पहाटे कंपनीच्या बसने जातो, रात्री थकून येतो. खोलीच्या खिडकीतून समोरच्या इमारतीची खिडकी दिसते. “फादर, इथे सगळे झगझगीत आहे म्हणतात, मला ते मोबाइलवरच दिसते,” असे तिने लिहिले होते. नवरा वाईट आहे असे नाही. तो तिला जपतोच आहे. बाहेर ऊन फार, रस्ते मोठे, हरवलीस तर काय करशील, म्हणतो. काळजीनेसुद्धा दार बंद होते, ते असे.

तिला मी जे लिहिले त्यातील काही भाग येथे देतो. तिकडे जाणाऱ्या इतर घरांनाही त्याचा उपयोग होईल.

बाळ, आपल्या भाषेची भीती सोड. दुबईत हिंदी बोलणारा माणूस दुकानात, टॅक्सीत, दवाखान्यात कोठेही भेटतो, आणि बऱ्हाणपूरच्या बाजारात वाढलेल्या तुला हिंदी काही शिकावी लागणार नाही. तरी अरबीतले आकडे आणि पाच-दहा शब्द शीक. “शुक्रन” म्हटले की समोरचा माणूस मान वर करून पाहतो. पहिली सुट्टी मिळेल त्या दिवशी दोघे मिळून खाडीवर जा. देरा आणि बर दुबई या जुन्या वस्त्यांच्या मध्ये ती खाडी आहे आणि लाकडी होडीने, तिला तिकडे ‘अब्रा’ म्हणतात, एका दिरहमात पलीकडे जाता येते. दोन्ही काठांवर जुने बाजार आहेत; देराच्या बाजूला मसाल्यांचा व सोन्याचा, पलीकडे कापडाचा. मसाल्याच्या गल्लीत तुला घरची आठवण येईल. सोन्याच्या गल्लीत नुसते पाहावे.

दुबईची मेट्रो २००९ साली सुरू झाली. नकाशा सोपा आहे, आणि गाडीत स्त्रिया व मुलांसाठी निराळा भाग राखलेला असतो. प्रथम नवऱ्याबरोबर जा, मग दोन स्टेशने एकटी जाऊन परत ये, मग चार. मात्र राखीव भागात त्याला बरोबर नेऊ नकोस. त्याला दंड होईल आणि त्याचे खापर माझ्या पत्रावर फुटेल. ऊद मेथा भागात सेंट मेरीचे चर्च आहे, १९६७ पासूनचे. निरनिराळ्या भाषांतील मिस्सा तेथे होतात, आणि मिस्सा झाल्यावर आवारात गर्दी असते. त्या गर्दीत घाईने बाहेर पडू नकोस. नव्या मुलुखातल्या मैत्रिणी अशाच आवारांत मिळतात. पोलिसांचा क्रमांक ९९९ व रुग्णवाहिकेचा ९९८ आहे. दोन्ही पाठ असू देत. पासपोर्ट स्वतःजवळ ठेवावा. मालकाने तो अडकवून ठेवणे तेथील कायद्याला मान्य नाही.

आणि नवऱ्याला वेगळे चार ओळींचे पत्र लिहिले. त्यात विचारले, की तू पहिल्यांदा एकटा गेलास तेव्हा तुला रस्ता कोणी दाखविला? कुणी तरी दाखविला असेलच.

घरच्या वडीलधाऱ्यांनाही येथे दोन शब्द सांगितले पाहिजेत. सून बाहेर फिरते असे फोनवर कळले, की इकडे भुवया चढतात. “नवऱ्याला करून घालायला गेली की हिंडायला?” असे सासूबाईंनी म्हटलेले मी माझ्या कानांनी ऐकले आहे. आईंनो, ती हिंडली नाही तर आजारपणात दवाखाना तिला सापडणार नाही. तुमचा मुलगा रात्रपाळीला असताना अंगात ताप भरलेले नातवंड घेऊन ती कोणत्या दिशेने चालू लागेल, एवढा विचार करा. हिंडणे आणि भटकणे हे दोन शब्द आपल्याकडे एकाच सुरात उच्चारले जातात. तो सूर घरातल्या घरात बदलता येईल.

एक बाजू राहिली. आपण सारखे जाणाऱ्यांचाच विचार करीत आहो. येणाऱ्यांचे काय? बऱ्हाणपूर हे परक्यांचे गाव म्हणून फार जुने आहे. १६१५ साली इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो मोगल दरबाराकडे जाताना येथे थांबला आणि शहाजादा परवीझला भेटला होता. आज शहरात यंत्रमागांवर काम करण्यास लांबून माणसे येतात. आणि आपल्या शिवारात, केळीच्या बागांत घड उतरविण्यास व वाहण्यास सातपुड्यातून कोरकू आणि बारेला कुटुंबे उतरतात. त्यांच्यातही नवी जोडपी असतात. बांधाच्या कडेला चार काठ्या व एक प्लास्टिक यांचे घर होते. तुम्हाला दापोरा खेडे वाटत असेल. डोंगरातल्या पाड्यावरून प्रथमच खाली आलेल्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलीला मात्र येथले ट्रॅक्टर, मालमोटारी, दुकाने आणि मोटारसायकली यांचा गलबला हेच कलकत्ता असते. आणि आपण पारावर बसून तिला काय विचारतो? कोण? कुठली? कोणत्या जातीची? हा बरोबरचा नवराच ना? श्रीरामपूरच्या त्या सभागृहात मांडलेले सारे प्रश्न आपल्या पारावर जसेच्या तसे हजर आहेत.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर एका शेताच्या कडेने जात असता विहिरीवर दोन मुली दिसल्या. एक आपल्यातली, शाळेत जाणारी. दुसरी नव्याने आलेली कोरकू नवरी, काखेत घागर. नवरीचा नवरा थोडा दूर उभा होता. शाळकरी मुलीने विहिरीकडे बोट केले आणि हाताच्या खुणेने विचारले, याला तुमच्याकडे काय म्हणतात? नवरी आधी लाजली, मग म्हणाली, “डा.” मुलीने शब्द दोनदा घोळला आणि मग आपल्या बाजूने सांगितले, “पाणी.” नवरीनेही तो म्हणून पाहिला. तेवढ्यात नवरा जवळ आला आणि त्यानेही म्हणून पाहिला. त्याचा उच्चार बायकोपेक्षा वाईट होता, आणि त्यावरून त्या दोघी खूप हसल्या.